छोटा व्यवसाय सोशल मीडियावर आणताना: आधी चौकशीची वाट, मग पोस्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लाकडी फर्निचरच्या दुरुस्तीचं आणि पॉलिशचं काम तुम्ही दोघं मिळून करता. आजवर काम ओळखीतून येत राहिलं, आता तेवढ्यावर भागत नाही, म्हणून सोशल मीडियावर यायचं आहे. कुठल्या प्लॅटफॉर्मवर यावं, रोज काय टाकावं, जाहिरातीवर पैसे घालावेत का आणि हे सगळं एखाद्या एजन्सीकडे सोपवावं का, असं तुम्ही विचारलंय. छोट्या व्यवसायांचं हेच काम मी बरीच वर्षं करतोय. उत्तर तुमच्या कामाला धरून देतो, पण शिवणकाम, शिकवण्या, सायकल दुरुस्ती, फोटोग्राफी अशा बहुतेक कामांना ते लागू पडेल.

तुमचे प्रश्न पोस्टपासून सुरू होतात. मी दुसऱ्या टोकापासून सुरू करतो. समजा, उद्या तुमचा एक व्हिडिओ चांगला चालला आणि पंधरा जणांनी विचारलं, "माझ्या खुर्चीचं किती होईल?" त्यांना उत्तर कोण देणार? किती वेळात? काय सांगणार? त्या उत्तरानंतर समोरच्याने पुढे काय करायचं? याची उत्तरं तयार नसतील तर पोस्ट कितीही चांगली असो, तिचा उपयोग नाही. छोट्या व्यवसायांची गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त इथेच निसटताना मी पाहिली आहेत. पोस्ट पोचलेली असते, माणसाला काम द्यायचं असतं, आणि त्याचा मेसेज दोन दिवस तसाच पडून राहतो. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज वेगळ्या रिक्वेस्टच्या कप्प्यात जाऊ शकतो आणि तो कप्पा उघडायचं कित्येकांना सुचतही नाही. म्हणून पहिला आठवडा पोस्ट करू नका. चौकशी आल्यापासून काम हातात पडेपर्यंतची वाट आधी नीट करा.

त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप घ्या. 2018 साली ते छोट्या व्यवसायांसाठीच आणलं गेलं आणि वापरायला फुकट आहे. शक्य असेल तर धंद्याचा नंबर वेगळा ठेवा, म्हणजे रात्री घरच्यांचे मेसेज आणि गिऱ्हाइकांच्या चौकशा एकमेकांत मिसळणार नाहीत. कॅटलॉगमध्ये तुमची मुख्य कामं फोटोसह टाका. क्विक रिप्लाय ही सोय तर पहिल्याच दिवशी शिकून घ्या. नेहमी लागणारं उत्तर एकदा साठवून ठेवलं की तिरकी रेघ टाइप करून ते निवडता येतं. तुमच्यासाठी पहिलं साठवलेलं उत्तर साधारण असं असू द्या:

"नमस्कार, मेसेजबद्दल धन्यवाद. अंदाज सांगण्यासाठी तीन फोटो लागतील: वस्तू पूर्ण दिसेल असा एक, मोडलेल्या किंवा हलणाऱ्या जागेचा जवळून एक, आणि खालच्या बाजूने एक. फोटो आले की आज संध्याकाळपर्यंत अंदाजे खर्च आणि लागणारे दिवस कळवतो."

या चार ओळींनी तीन गोष्टी साधतात. समोरच्याला काय करायचं ते कळतं, उत्तर कधी येणार ते कळतं, आणि नुसतं भाव विचारून जाणारा कोण व खरंच काम द्यायचं असलेला कोण, हे तुम्हाला कळतं. फोटो पाठवण्याचे कष्ट घेणारा माणूस निम्मा तयार झालेला असतो. याच ॲपमध्ये प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं, ती सवयही सुरुवातीपासून ठेवा: नवी चौकशी, अंदाज दिला, काम चालू, पैसे बाकी, काम झालं. 'अंदाज दिला' लेबल लागून चार दिवस झालेल्यांना एकदा, फक्त एकदाच, विचारा: "खुर्चीचं काही ठरलं का? अजून काही शंका असेल तर सांगा." एवढ्या एका मेसेजवर येणारं काम कित्येकदा नव्या पोस्टवर येणाऱ्या कामापेक्षा जास्त असतं.

दुसरी गोष्ट गूगल बिझनेस प्रोफाइल. जुन्या लोकांना हे गूगल माय बिझनेस म्हणून आठवत असेल, 2021 मध्ये नाव बदललं. काटेकोरपणे पाहिलं तर हा सोशल मीडिया नव्हे, पण तुमच्यासारख्या सेवेच्या धंद्याला मी ते इन्स्टाग्रामच्याही आधी करायला सांगतो. कारण साधं आहे. इन्स्टाग्रामवर माणूस वेळ घालवायला येतो आणि तुमची पोस्ट त्याच्या वाटेत येते. गूगलवर 'फर्निचर दुरुस्ती' असं टाकणाऱ्याच्या घरात त्या क्षणी मोडकी खुर्ची असते. नोंद फुकट होते, व्यवसाय तुमचाच आहे याची पडताळणी करावी लागते. दुकान नसेल, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करत असाल, तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. काम पूर्ण करून दिलं की त्याच दिवशी रिव्ह्यूची लिंक पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा भेट देऊ नका. ते गूगलच्या नियमांत बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही असे रिव्ह्यू ओळखू येतात.

आता प्लॅटफॉर्म. एकच निवडा. पाच ठिकाणी खाती उघडून पाचही ओस पडलेली असण्यापेक्षा एक जागा जिवंत असलेली कधीही चांगली. नाव मात्र सगळीकडे राखून ठेवा, म्हणजे पुढे दुसरं कोणी घेणार नाही. तुमचं काम डोळ्यांना दिसणारं आहे, आधी-नंतरचा फरक फोटोत उतरतो, त्यामुळे इन्स्टाग्राम योग्य. तुमची गिऱ्हाइकं वयाने मोठी असतील, परिसरातल्या ग्रुपमध्ये एकमेकांना विचारून काम देणारी असतील, तर फेसबुक. कंपन्यांना सेवा देणाऱ्यांसाठी लिंक्डइन. ज्याला समजावून सांगायला आवडतं आणि धीर आहे त्याने यूट्यूब घ्यावं. तिथे 'टेबलावरचा पाण्याचा डाग कसा काढायचा' असा व्हिडिओ लोक शोधून शोधून वर्षांनंतरही बघतात, तर इन्स्टाग्रामवरची बहुतेक पोस्ट काही दिवसांत खाली जाते. पण नेमकं कुठलं, याचं माझ्यापेक्षा चांगलं उत्तर तुमच्या मागच्या दहा-वीस गिऱ्हाइकांकडे आहे. त्यांना फोन करून विचारा, मोबाइलवर सगळ्यात जास्त काय बघता? आणि आमच्याकडे येण्याआधी मनात कुठली शंका होती? हे दुसरं उत्तर शब्दशः लिहून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इन्स्टाग्राम खातं उघडताना ते प्रोफेशनल प्रकारात, बिझनेस म्हणून बदला. त्याशिवाय आकडेवारी दिसत नाही. नावाच्या रकान्यात नुसतं दुकानाचं नाव लिहू नका. तो रकाना सर्चमध्ये धरला जातो, म्हणून कामाचं आणि परिसराचं नाव तिथे असू द्या. बायोमध्ये काय करता, कुठे करता, संपर्क कसा करायचा, एवढंच. व्हॉट्सॲपची लिंक द्या आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून ती दाबून बघा. चुकीच्या नंबरवर जाणाऱ्या लिंका मी इतक्या पाहिल्यात की हे वेगळं सांगावंसं वाटतं. प्रोफाइलवर वर तीन पोस्ट पिन करता येतात. एकीत काय काय दुरुस्त करता ते, दुसरीत खर्च कसा ठरतो ते, तिसरीत तुमचं सगळ्यात अवघड काम दाखवा.

रोज काय टाकावं? रोज टाकू नकाच. तुम्ही दोघं आहात, हातात करवत आणि ब्रश आहे. आठवड्याला दोन पोस्ट सहा महिने टिकल्या, तर पंधरा दिवस रोज टाकून थकण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. मजकूर कुठून आणायचा हा प्रश्न तुम्हाला पडायला नको, कारण तो तुमच्या जुन्या चॅटमध्ये पडलेला आहे. गेल्या वर्षभरात लोकांनी काय विचारलं ते वर जाऊन वाचा. वाळवी लागलेलं वाचेल का? पॉलिश आणि पेंटमध्ये फरक काय? घरी येऊन करता का? वास किती दिवस राहतो? नवीन घेणं स्वस्त नाही का पडणार? प्रत्येक प्रश्न म्हणजे एक पोस्ट. एका माणसाने विचारलेला प्रश्न बाकीच्या अनेकांच्या मनात असतो, ते फक्त विचारत नाहीत.

एक पोस्ट जवळून बघू. तुमच्यासारख्यांच्या पानांवर अशा ओळी सर्रास दिसतात: "दर्जा हीच आमची ओळख! फर्निचरच्या सर्व कामांसाठी आजच संपर्क साधा." खाली दहा हॅशटॅग. यात वाचणाऱ्याला घेण्यासारखं काही नाही आणि हेच वाक्य कुठल्याही धंद्याखाली खपेल. त्याऐवजी असं लिहा:

"खुर्चीचा पाय हलतो म्हणजे लाकूड गेलं असं नाही. बहुतेक वेळा सांध्यातला जुना सरस सुटलेला असतो. खिळा ठोकू नका, लाकूड फाटू शकतं आणि नंतरची दुरुस्ती अवघड होते. सांधा उघडून, जुना सरस खरवडून काढून, पुन्हा चिकटवून आणि क्लॅम्प लावून ठेवला की खुर्ची पुन्हा घट्ट बसते. तुमची खुर्ची हलत असेल तर पायाचा जवळून फोटो पाठवा, सांधा आहे की लाकूड ते बघून सांगतो."

सोबत वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ. पहिल्या दोन सेकंदांत हलणारा पाय, करकर आवाजासकट, कारण माणूस थांबायचं की पुढे सरकायचं ते तिथेच ठरवतो. तुमचा लोगो, नमस्कार, ओळख यातलं काही सुरुवातीला नको. मग सांधा उघडतानाचे हात, पटाशीने खरवडला जाणारा सरस, क्लॅम्प, आणि शेवटी त्याच खुर्चीवर कोणीतरी दणकन बसतंय. फोन उभा धरा, लेन्स कापडाने पुसा, खिडकीच्या उजेडात काढा. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून दोन-तीन ओळी पडद्यावर लिहा. गाजलेलं गाणं लावायचा मोह टाळा: धंद्याच्या खात्यांना ती गाणी वापरायचे हक्क सहसा नसतात, आवाज बंद केला जाऊ शकतो किंवा व्हिडिओ काढला जाऊ शकतो. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिचा स्वतःचा साउंड कलेक्शन नावाचा संग्रह आहे, त्यातलं वापरा. तुमच्या कामाचा तर मूळ आवाजच ऐकायला छान आहे, रंध्याचा आवाज कशाला झाकायचा?

गिऱ्हाइकाच्या घरात शूटिंग करण्याआधी विचारा, आणि हो म्हणाले तरी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो, दारावरची पाटी, मुलं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. वस्तूचे 'आधी'चे फोटो मात्र न विसरता काढा. काम हातात घेतल्यावर ते परत मिळत नाहीत.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. 'किंमत?' या कमेंटखाली 'इनबॉक्स बघा' लिहू नका. नेमका आकडा वस्तू बघितल्याशिवाय सांगता येत नाही हे खरंच आहे, पण 'इथून सुरू होते' एवढं सांगता येतं आणि कशावरून वाढते हेही सांगता येतं: लाकूड बदलावं लागलं तर, जुनं पॉलिश पूर्ण काढावं लागलं तर, वस्तू उचलून आणावी लागली तर. खर्च लपवला की परवडणारा माणूसही संकोचाने मागे फिरतो. उघड सांगितला की न परवडणारे आपोआप गळतात आणि तुमचा वेळ वाचतो.

स्टोरी 24 तासांत जाते, म्हणून चालू कामाचे साधे तुकडे तिथे टाका. शुभेच्छांच्या तयार टेम्प्लेटांवर वेळ घालवू नका. फॉलोअर विकत तर अजिबात घेऊ नका, ती खाती काम देत नाहीत आणि पोस्ट कोणाला आवडते याचा तुमचा अंदाजही बिघडवतात.

आकडे कुठले बघायचे? लाइक सगळ्यात शेवटी. पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, ती बघून किती जण प्रोफाइलवर आले, हे बघा. नवऱ्याने बायकोला किंवा मुलीने आईला पाठवलेली पोस्ट म्हणजे त्या घरात त्या खुर्चीबद्दल बोलणं सुरू झालं. पण खरी नोंद तुमच्या वहीत हवी: तारीख, नाव, कुठून कळलं, काय विचारलं, काम मिळालं की नाही, नाही तर का नाही. प्रत्येकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे विचारायचंच. तीन महिन्यांनी ही वही जे सांगेल ते कुठलंही ॲप सांगणार नाही.

या वहीचं आणखी एक कारण आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही मेटा या एकाच कंपनीचे आहेत. 4 ऑक्टोबर 2021 रोजी तिन्ही जगभर एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंदच होते. त्याआधी जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केलं होतं की फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेत, मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य दिलं जाईल. धंद्यांच्या पानांची फुकटची पोच त्यानंतर घटली. फॉलोअरांची यादी तुमच्या मालकीची नसते. ज्यांनी काम दिलंय त्यांची नावं आणि नंबर, त्यांच्या संमतीने, तुमच्याकडे वेगळे लिहिलेले हवेत. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करता येते, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून काम देतानाच सांगा, "नंबर सेव्ह करून ठेवा." महिन्याला एखादाच मेसेज, तोही उपयोगाचा. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये टाकू नका. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो आणि मग वर बांधलेली सगळी वाट तुटते.

जाहिरात. पहिले दोन महिने नको. आधी पैसे न घालता कुठल्या पोस्टवर चौकशा येतात ते कळू द्या, मग त्याच पोस्टवर पैसे लावा. बूस्टचं, म्हणजे टाकलेल्या पोस्टचीच जाहिरात करण्याचं, बटण सोपं आहे, पण ते दाबताना उद्देश काय निवडता याकडे बारीक लक्ष द्या. यंत्रणा तुम्ही मागाल ते शोधून आणते: लाइक मागितलेत तर लाइक करायची सवय असलेली माणसं, मेसेज मागितलेत तर मेसेज करण्याची शक्यता असलेली. तुम्हाला मेसेज हवेत. जिथपर्यंत तुम्ही टेम्पो घेऊन जाऊ शकता तेवढाच परिसर निवडा. शेवटची तारीख घाला, नाहीतर पैसे जात राहतात. पूर्ण गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम ठरवा.

आणि ती रक्कम पाच जाहिरातींत वाटू नका. जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकून स्थिरावायला मेटाच्या यंत्रणेला आठवड्याभरात साधारण 50 अपेक्षित कृती, म्हणजे तुमच्या बाबतीत 50 मेसेज, लागतात. छोट्या बजेटमध्ये हे बहुधा गाठलं जात नाही, आणि पैसे विभागले तर कुठलीच जाहिरात त्याच्या आसपासही जात नाही. एक किंवा फार तर दोन ठेवा, आणि रोज हात लावू नका. मोठा बदल केला की यंत्रणेचं हे शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हिशोब चौकशीवर थांबवू नका. 20 चौकशांतून 4 कामं मिळाली, तर एका कामामागे जाहिरातीचा खर्च एका चौकशीच्या पाचपट पडला. तो त्या कामाच्या नफ्यातून निघतो का, एवढाच प्रश्न.

तक्रार उघड कमेंटमध्ये आली तर पुसू नका. "काम मनासारखं झालं नाही याचं वाईट वाटतं, आजच फोन करून बघायला येतो" असं दोन ओळींत तिथेच लिहा, फोन खरंच करा, आणि मिटल्यावर तेही तिथे नोंदवा. नवे लोक तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर जास्त लक्ष देऊन वाचतात.

राहिला एजन्सीचा प्रश्न. पहिले सहा महिने स्वतः करा, कारण तुमच्या गिऱ्हाइकाची भाषा अजून फक्त तुम्हालाच येते. पुढे वेळ पुरेनासा झाला की एडिटिंग आणि जाहिराती बाहेर द्यायला हरकत नाही, पण चौकशीला उत्तर द्यायचं काम स्वतःकडेच ठेवा. देताना त्यांना विचारा, माझ्यासारख्या धंद्याला तुम्ही किती चौकशा आणून दिल्या आणि त्या कशा मोजल्या? उत्तरात फक्त फॉलोअर आणि रीच, म्हणजे पोस्ट किती जणांना दिसली, एवढंच आलं तर दुसरी एजन्सी बघा. पान, जाहिरातीचं खातं आणि गूगल प्रोफाइल, तिन्हींची मूळ मालकी तुमच्या ईमेल आणि नंबरवर असू द्या आणि त्यांना सेटिंग्जमधून मर्यादित प्रवेश द्या, पासवर्ड नव्हे. संबंध तुटल्यावर स्वतःच्याच पानात शिरता न येणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, आजच चालू करा. 'कॉपीराइटच्या तक्रारीमुळे तुमचं पान 24 तासांत बंद होणार, इथे दाबा' असा मेसेज आज ना उद्या तुम्हालाही येईल. त्या लिंकवर जाऊ नका. काही खरंच अडलं असेल तर ते ॲपच्या सेटिंग्जमध्ये, खात्याच्या स्थितीच्या पानावर दिसतं, तिथे जाऊन बघा.